तुरुंगात निम्मा झालेला मृत्यूदर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या तुरुंगांत १९९५ ते २००५ या काळात किती कैदी दगावले, याचा हिशेब संशोधकांनी मांडला आणि थक्क व्हावं असं काही हाती आलं. कृष्णवर्णीय पुरुष कैद्यांचा मृत्यूदर बाहेरच्या त्याच वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या जवळपास निम्मा! गोऱ्या कैद्यांचा मात्र बाहेरच्या गोऱ्यांपेक्षा थोडा जास्तच.

हे कसं? बंदुका आणि वाहनं आत नसतात, हे एक कारण. मरणपंथाला लागलेल्या काहींना आधीच सोडतात, त्यांचा मृत्यू बाहेर मोजला जातो. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते कायद्यातलं कारण. टेक्सासच्या तुरुंगात ट्रकमधून कापूस उतरवताना गॅम्बल नावाच्या कैद्याच्या अंगावर कापसाचा गठ्ठा पडला. नीट उपचार मिळत नाहीत, अशी तक्रार त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, पण त्याच निकालाने कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य ठरलं. बाहेरच्या सामान्य अमेरिकी माणसाला उपचारांचा असा घटनात्मक हक्क आजही नाही.

आतले उपचार चांगले असतात, असं मुळीच नव्हे. अनेक राज्यांत डॉक्टरला दाखवायला कैद्याला पैसे मोजावे लागतात आणि तासाची मजुरी असते काही सेंट. इतक्या तोकड्या उपचारांतही कृष्णवर्णीय कैद्यांचा मृत्यूदर खाली दिसतो, तर बाहेरचं जिणं किती जीवघेणं असेल!

ते जिणं शरीरात कसं उतरतं, हे सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक अरलाइन जेरोनिमस १९९०च्या दशकापासून मांडत आल्या आहेत. वंशभेद, गरिबी, सततची धास्ती यांमुळे ताणाची संप्रेरकं उसंत न घेता स्रवत राहतात. हृदय, रक्तवाहिन्या वेळेआधीच झिजतात. तुरुंगवास त्यात भर घालतो. म्हणून तिथे पन्नाशी-पंचावन्नीतच माणूस वृद्ध धरला जातो. पंचावन्न आणि त्यापुढच्या कैद्यांचं प्रमाण १९९१ मध्ये सुमारे ३ टक्के होतं, २०२१ मध्ये १५.

आणि सुटकेनंतर? वॉशिंग्टन राज्यातल्या २००७च्या अभ्यासात सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या बारापटीहून जास्त आढळला. त्यातले बरेचसे मृत्यू अमली पदार्थांच्या अतिमात्रेने झाले होते. गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना कैद्यांच्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही, त्यामुळे दाराबाहेर पडताना औषधोपचाराचा धागाच तुटतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेच्या ९० दिवस आधीपासून ती लागू करायची परवानगी मिळाली. असं करणारं ते पहिलं राज्य.