शब्द जुने, तारा नव्या

यंत्रमागाचा खडखडाट ऐकला नाही असा मुलगा सोलापुरात विरळाच. मागावर विणल्या जाणाऱ्या चादरीचा पन्हा किती, हे तेथे कोणालाही विचारा. लगेच उत्तर मिळेल. पण त्याच घरातला विद्यार्थी शाळेत 'बँडविड्थ' हा शब्द आला की व्याख्या पाठ करू लागतो आणि परीक्षा संपली की ती विसरूनही जातो. वास्तविक बँडविड्थ म्हणजे पट्ट्याची रुंदी, अर्थात पन्हाच! दूरसंचार आणि संगणकांच्या जाळ्यांतील कितीतरी शब्द असे साध्या व्यवहारातून आले आहेत. शब्दाचे मूळ घर सापडले की पाठांतराचे ओझे उरत नाही. मात्र ही तुलना कोठवर चालते, हेही नीट पाहावे लागते.

पट्ट्याचा पन्हा

आपला आवाज म्हणजे हवेची कंपने. ती सगळीच्या सगळी दूरध्वनीवरून पाठवावी लागत नाहीत. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने, म्हणजेच ३०० ते ३४०० हर्ट्झ, एवढ्या पट्ट्यात बोलणे स्पष्ट कळते. ३४०० मधून ३०० वजा करा. उरले ३१०० हर्ट्झ. ही झाली या पट्ट्याची बँडविड्थ.

पण तार एक आणि बोलणारे अनेक असले तर? अभियंत्यांनी दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून प्रत्येक संभाषणाला ४००० हर्ट्झचा पट्टा दिला आणि हे पट्टे मागावरच्या उभ्या धाग्यांसारखे शेजारी शेजारी मांडले. जुन्या ट्रंक मार्गांवर अशा १२ संभाषणांचा एक गट करीत. त्याला पन्हा लागे १२ गुणिले ४०००, म्हणजे ४८००० हर्ट्झ.

संगणक बोलतो ते मात्र ० आणि १ या दोनच अंकांत. अशा एका अंकाला 'बिट' म्हणतात. पट्टा जितका रुंद आणि त्यातील गोंगाट जितका कमी, तितके अधिक बिट दर सेकंदाला बिनचूक पाठवता येतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने दाखवून दिले. त्यामुळे पुढे सेकंदाला जाणाऱ्या बिटांच्या संख्येलाही बँडविड्थच म्हणू लागले.

येथेच पुष्कळांची फसगत होते. पन्हा वाढवला म्हणून कापड मागावरून लवकर पुढे सरकत नाही. प्रत्येक मीटरमागे कापड मात्र जास्त निघते. संदेशांचेही तसेच आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई तंतूची लांबी ४०० किलोमीटर धरली, तर पहिला बिट पोहोचायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागेल. बँडविड्थ दुप्पट केली तरी हा वेळ तेवढाच राहील! या विलंबाला 'लेटन्सी' असे वेगळे नाव आहे. दूरच्या माणसाशी बोलताना उत्तर उशिरा ऐकू आले, तर दोष केवळ बँडविड्थचाच असतो असे नाही.

पाकीट आणि पत्ता

संगणक मोठा मजकूर अखंड पाठवत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतो. या तुकड्यांना काय म्हणावे, हा प्रश्न ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांना १९६० नंतरच्या दशकात पडला. इतर भाषांतही सहज चालेल असा शब्द हवा, म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि 'पॅकेट' हा शब्द निवडला. आपल्याकडे तर तो 'पाकीट' होऊन केव्हाच रुळला होता!

समजा, एका छायाचित्राचा मजकूर ३० लाख बाइट आहे. एका पाकिटात १५०० बाइट मावतात असे धरले, तर २००० पाकिटे होतील. प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो. ती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. पलीकडचा संगणक ती क्रमाने लावतो आणि एखादे हरवले तर पुन्हा मागवतो.

वाटेवर पत्ता वाचणाऱ्या यंत्राला 'राउटर' म्हणतात. त्याचे काम टपालाची छाटणी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखेच. भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृत कवीही होते. सोलापूरचा ४१३००१ हा क्रमांक पाहा. पहिला अंक ४ विभाग सांगतो, ४१३ छाटणीचा जिल्हा सांगतो आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. दूरच्या शहरात छाटणी करणाऱ्याला सोलापुरातली गल्ली माहीत असण्याचे कारण नाही. राउटरही तसाच पत्त्याचा पुढचा भाग पाहून पाकीट पुढच्या मुक्कामाला धाडतो.

वेस आणि बोली

सोलापुरात विजापूर वेस, तुळजापूर वेस अशी नावे आजही आहेत. वेस म्हणजे गावात शिरण्याची जागा. दोन निराळ्या जाळ्यांमधल्या अशाच वेशीला 'गेटवे' म्हणतात. आणि वेशीवर भेटलेल्यांनी बोलायचे कोणत्या भाषेत? सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषा नांदतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोन वाक्यांतच कोणती भाषा चालेल हे ओळखतात आणि मग सौदा सुरू होतो. संगणकही आधी असेच ठरवून घेतात. कोणी आधी बोलायचे, 'मिळाले' हे कसे कळवायचे, चूक झाली तर काय करायचे, या नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात. माणसे थोडेफार चुकले तरी समजून घेतात. यंत्राला मात्र प्रत्येक नियम आधीच सांगावा लागतो.

करून पाहा

'पोर्ट', 'ट्रॅफिक', 'फायरवॉल' आणि 'टर्मिनल' हे चार शब्द वहीत लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने आखा : शब्द मूळचा कोणत्या व्यवहारातला, नव्या विद्येत त्याचा अर्थ काय आणि दोन्हींत फरक कोणता. शिक्षकांनी तिसरा रकाना आवर्जून तपासावा. तो ज्याला नीट भरता आला, त्याला शब्द खरोखर समजला.