टँग मासा घरी आणण्यापूर्वी

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी पूल ओलांडला की खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातले कोन गाव लागते. या काठावरच्या आगरी-कोळी घरांना मासा काही नवा नाही. मात्र तो पाटीतून येतो आणि कालवणात जातो. तोच मासा दिवाणखान्यात काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात पाळायचा म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी आधी हसतील. नातवंडांना मात्र २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातली निळी डोरी हवी असते. ही डोरी म्हणजेच निळा टँग. मग कुणीतरी म्हणते, ‘आणू या की! आजोबांनाही तेवढाच विरंगुळा.’

हे म्हणणे निराधार नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहात माशांच्या टाक्या ठेवल्या होत्या. रुग्ण अधिक काळ जागेवर बसून जेवू लागले, त्यांचा आहार वाढला आणि वजनही थोडे वाढले. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांना ताटासमोर दहा मिनिटे स्वस्थ बसणे म्हणजे काय हे सांगायला नको. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या २०१५ च्या अभ्यासातही मासे पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरल्याचे दिसले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या टाक्यांतले पाणी बदलण्याचे काम पाहणाऱ्यांकडे नव्हते.

आपल्या घरी ते कुणाकडे असेल? टाकी विकत घेण्याआधी हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारावा, कारण टँग हा अल्पसंतुष्ट मासा नव्हे. प्रवाळखडकांवर दिवसभर शेवाळ खुडत तो लांबवर पोहत असतो. दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग फूटभर वाढू शकतो. त्याला किमान सहा फूट लांबीची टाकी लागते. आकाराने लहान असलेल्या कोले टँगलाही चार फुटांखाली भागत नाही. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते. काच, दगड आणि स्टँड धरून हा भार सहाशे किलोच्या घरात जातो आणि तो सगळा आठ चौरस फुटांवर पडतो. घराच्या जमिनीची रचना करताना साधारणतः दर चौरस मीटरला दोनशे किलो भार गृहीत धरलेला असतो. इथे तो त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय ही टाकी ठेवू नये.

पाण्याचे गणित आगरी वाचकांना चटकन उमगेल. मिठागरात पाणी उडते आणि मीठ मागे राहते. टाकीतही तेच घडते. त्यामुळे पातळी उतरली की भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. नवे खारे पाणी लागते ते पाणी बदलताना: दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे खास मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. समोर खाडी आहे म्हणून तिचे पाणी भरण्याचा मोह टाळावा. उल्हास नदीचे पाणी शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेऊन इथवर पोहोचते. घरातले पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्रही बहुधा पुरत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे साधे पाणी मिसळलेले असते.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तरी पंचेचाळीस लिटर, म्हणजे तीन भरलेल्या बादल्या. गुडघे, कंबर किंवा ठिसूळ हाडे यांचा त्रास असलेल्या व्यक्तीने त्या उचलू नयेत. ओल्या फरशीवर तर मुळीच नाही. वायरिंगही घरातल्या धडधाकट माणसाकडेच असावे.

ज्येष्ठांनी टाकीत हात घालू नये, यामागे आणखी एक कारण आहे. टँगला ‘सर्जन मासा’ म्हणतात, कारण त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या चाकूसारखा धारदार काटा असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना ही जखम साधी राहत नाही. शिवाय टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जंतू असू शकतो. बोटावरच्या जुन्या चिरेतून तो शिरतो आणि काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ किंवा न भरणारा व्रण दिसू लागतो. मधुमेही व्यक्तीला असे काही झाल्यास ‘आमच्या घरी माशांची टाकी आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते न कळल्यास निदान लांबते आणि उपचार तर काही महिने चालतात.

सजावटीसाठी समुद्रातून काढलेले प्रवाळ कुणी देऊ केल्यास घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे. कृत्रिम दगड पुरे.

मग ज्येष्ठांच्या वाट्याला काय? माझ्या मते, या छंदातला सर्वांत गोड भाग. टँगला रोज वनस्पतिजन्य आहार लागतो. बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा पापुद्रा, चिमट्यात धरून काचेला लावायचा. चार दिवसांत मासा माणूस ओळखू लागतो आणि ठरल्या वेळी काचेशी येऊन थांबतो. सकाळी तापमान वहीत लिहावे. ते २४ ते २७ अंशांच्या दरम्यान हवे. वैशाखात आपल्याकडे त्यासाठी चिलर लागतोच. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर लगेच सांगावे, कारण हा परजीवी रोग टँगला फार लवकर होतो. ते ठिपके दिवसभर घरी असणाऱ्याच्याच नजरेस आधी पडतात. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू करणेही त्यांना सहज जमेल, मात्र त्याचे बटण हाताच्या उंचीवर हवे.

नवी टाकी भरल्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे जातात आणि टँग तर आणखी काही महिन्यांनी, सर्वांत शेवटी आणायचा. एवढा धीर नसेल तर विदूषक मासा बरा. त्याला लहान टाकी चालते आणि त्याची पैदास आपल्या देशातही होते. खाऱ्या पाण्याचा आग्रह नसेल, तर गोड्या पाण्यातले गप्पी मासेही डोळ्यांना तेवढेच सुख देतात.

तरीही टँगच हवा असेल, तर त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडावा. सर्जन माशांच्या काही जाती समुद्रात तीस वर्षांहून अधिक जगतात. चांगल्या टाकीतही टँग अनेक वर्षे सोबत करतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या नावाने आणलेला मासा पुढे कुणाचा होणार, हे आजोबांसमोरच ठरवावे. त्यांना वाईट वाटेल अशी धास्ती बाळगू नये. असे व्यवहार त्यांनी जन्मभर केलेले असतात. भिंतीवर औषधांच्या वेळांचा कागद लावलेला असतो, त्याच्या शेजारी टाकीचा कागद लावावा: पाणी कोण बदलणार, कोणत्या वारी, तो गावाला गेला तर कोण, आणि दोघांचे फोन क्रमांक, मोठ्या अक्षरांत.