टू-स्ट्रोक एंजिनाच्या कार्ब्युरेटरची जुळणी व हवेची घनता

डोंगरवाटा व वाळूच्या टेकड्या यांवरून धावणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आणि चारचाकी ‘क्वाड’ यांच्या चालकांस एक अनुभव नित्याचा आहे. समुद्रकाठी सुरळीत चालणारे एंजिन उंच पर्वतावर नेले की ते घुसमटू लागते व धूर ओकते. तेथे त्याची जुळणी करून ते पुन्हा सखल प्रदेशात आणले, तर कधी कधी पिस्टन सिलिंडरातच जाम होतो. या दोन्ही घटनांचे मूळ हवेच्या घनतेत आहे.

कार्ब्युरेटर हवा व पेट्रोल वजनाने मोजत नाही. गळ्यातून वाहणाऱ्या हवेमुळे तेथील दाब घटतो आणि त्या दाबफरकाने पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर खेचले जाते. हवेचा वस्तुमान-प्रवाह हा दाबफरक व हवेची घनता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पेट्रोलचा प्रवाह तोच दाबफरक व पेट्रोलची घनता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. भागाकार करता दाबफरक नाहीसा होतो. पेट्रोलचे हवेशी प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात आहे, एवढेच उरते.

यामाहाचा ‘बॅन्शी’ हा १९८७ साली अमेरिकेच्या बाजारात आलेला क्वाड उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या ३४७ घनसेंटिमीटर एंजिनात दोन सिलिंडर असून प्रत्येकास स्वतंत्र मिकुनी कार्ब्युरेटर आहे. कॅलिफोर्नियातील ओशानो येथील समुद्रकाठच्या वाळूत जुळवलेले हे वाहन कोलोरॅडोतील लेडव्हिल या सुमारे ३१०० मीटर उंचीवरील गावी नेले, असे समजू. प्रमाणित वातावरणात हवेची घनता समुद्रसपाटीस घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम, तर त्या उंचीवर सुमारे ०.९० किलोग्रॅम असते. यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ १.१७ येते, म्हणजे मिश्रण सुमारे १७ टक्के अधिक समृद्ध होते. ते पूर्ववत करावयाचे तर जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ १४ टक्के, अथवा व्यास ७ टक्के कमी करावा लागतो. जेटवरील क्रमांक काही ठिकाणी प्रवाहाचा, तर काही ठिकाणी व्यासाचा निदर्शक असतो. पहिल्या पद्धतीत २०० ऐवजी सुमारे १७०, तर दुसरीत सुमारे १८५ क्रमांक निवडावयास हवा. अर्थात जुळणीने प्रमाण सुधारते. विरळ हवेमुळे गमावलेली शक्ती परत मिळत नाही.

मुख्य जेटचा अंमल थ्रॉटल तीन-चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावरच प्रभावी होतो. आरंभीच्या चतुर्थांशात पायलट जेट व एअर स्क्रू, त्यापुढे स्लाइडचा तिरपा काप, आणि मध्यभागी निमुळती सुई यांचे प्राबल्य असते. यास्तव दोष कोणत्या उघडीपीस दिसतो हे आधी निश्चित करणे आवश्यक ठरते. दोन कार्ब्युरेटर असल्यास दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या गेल्या पाहिजेत. अन्यथा दोन सिलिंडरांस असमान मिश्रण मिळते.

खरा धोका परतीच्या प्रवासात आहे. लेडव्हिलचे जेट तसेच ठेवून समुद्रकाठी पूर्ण थ्रॉटल दिल्यास मिश्रणात पेट्रोल आवश्यकतेपेक्षा १४ टक्के कमी पडते. क्रँककेसमधून मिश्रण घेणाऱ्या अशा एंजिनात वंगणतेल पेट्रोलातूनच येते. त्यामुळे पेट्रोल घटताच उष्णता वाढते आणि त्याच वेळी वंगणही घटते. पिस्टन प्रसरण पावून जखडला की मागील चाक एकाएकी थांबते व चालक फेकला जाण्याचा संभव असतो. सुरक्षिततेसाठी केवळ तेल वाढवावे, हा समजही पूर्णतः योग्य नव्हे. तेलाचा वाटा चाळिसास एकावरून विसास एक असा केला, तर त्याच जेटमधून येणारे पेट्रोल दोन-अडीच टक्क्यांनी कमी होते.

थंडीचाही असाच परिणाम होतो. तापमान ३० अंश सेल्सिअसवरून शून्यावर आले तर हवा ११ टक्के घन होते आणि मिश्रण सुमारे ५ टक्के विरल बनते.

गणिताने मिळालेला क्रमांक हा आरंभबिंदू होय. त्याहून एक पायरी मोठा जेट बसवून, पूर्ण थ्रॉटलवर धावल्यानंतर एंजिन तत्काळ बंद करून स्पार्क प्लग तपासण्याची प्रथा आहे. प्लगचे चिनीमातीचे टोक कॉफीच्या रंगाचे असल्यास मिश्रण योग्य, काजळीने काळे झाल्यास समृद्ध, आणि पांढरे पडल्यास विरल समजतात. २०१७ साली केटीएमने जाहीर केलेल्या इंधन-अंतःक्षेपण पद्धतीत हवेचा दाब व तापमान संवेदकच मोजतात. कार्ब्युरेटर मात्र हवेची घनता जाणत नाही; ती जाणण्याची जबाबदारी जुळणी करणाऱ्यावरच राहते.