कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट मंडळी निवडताना काय पाहावं?

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, कोंढ्यासारख्या गावात मंडळी 'निवडायचा' प्रश्नच कुठे येतो? जवळ जी आहे तिथे जायचं. पण आपली मुलं आता कामाला, शिकायला नागपूरला जातात, पुण्याला जातात. तिथे एका रस्त्यावर तीन-तीन पाट्या दिसतात, आणि मग फोन येतो, "आई, इथे एक बाप्टिस्ट चर्च आहे, जाऊ का?" आईला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. त्या फोनसाठी आम्ही हे व्याख्यान घेतलं आहे.

आधी शब्द समजून घेऊ. बाप्टिस्ट म्हणजे कोण? ही परंपरा सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. काही इंग्रज माणसं राजाच्या चर्चमधून बाहेर पडून हॉलंडमध्ये आम्स्टरडॅमला गेली. तिथे १६०९च्या सुमारास त्यांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा नाही, ज्यानं स्वतः विश्वास ठेवला त्याचा. त्यांच्यातला थॉमस हेल्विस परत लंडनला आला आणि त्यानं लिहिलं की माणसाच्या विवेकावर राजाचाही अधिकार नाही. हे स्वातंत्र्य त्यानं आपल्या लोकांपुरतं मागितलं नाही. यहुदी, मुसलमान, ज्यांना लोक पाखंडी म्हणत, त्या सगळ्यांसाठी मागितलं. त्याचा शेवट तुरुंगात झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

मराठीशी बाप्टिस्टांचा संबंध जुना आहे. विल्यम कॅरी हा बाप्टिस्ट मिशनरी. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापला.

आता 'कॉन्झर्व्हेटिव्ह'. हा शब्द राजकारणाचा नाही, आणि बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा की नाही याचाही नाही. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या बाप्टिस्टांमध्ये विसाव्या शतकात मोठा वाद झाला. मिशनला पैसे देणारे लोक म्हणत होते, आम्ही ज्यांना पाठवतो ते पवित्र शास्त्र पूर्ण सत्य मानतात का, प्रभूचं पुनरुत्थान खरोखर घडलं असं मानतात का, हे तुम्ही तपासत का नाही? समाधान झालं नाही, तेव्हा त्यांनी १९४३ साली वेगळी परदेशी मिशन संस्था काढली आणि १९४७ साली मंडळ्यांचा वेगळा संघ केला. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ 'शास्त्राच्या अधिकाराबाबत तडजोड न करणारे' एवढाच.

तीच मिशन संस्था १९४०च्या दशकात आपल्या विदर्भात आली. मेळघाटात, अचलपूर-अमरावतीच्या बाजूला, कोरकू लोकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक जुनी मिशन काम करत होती, ते काम या लोकांनी हाती घेतलं. म्हणून अमरावतीकडच्या ख्रिस्ती माणसाला कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट हे नाव घरचं वाटतं. आपल्या बाजूचं तसं नाही. नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, भंडाऱ्यातही स्कॉटिश मिशननंच काम केलं. ती परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा मानणारी. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात सहा परंपरा एकत्र आल्या, त्यांत बाप्टिस्टांचीही एक शाखा होती. तिथे बाळाचा आणि मोठ्याचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट या एकीकरणात नव्हते. हे सांगायचं कारण असं की भंडाऱ्याचं पोरगं नागपुरात बाप्टिस्ट मंडळीत गेलं की पहिला धक्का इथेच बसतो. त्याला विचारतात, "तुझा बाप्तिस्मा लहानपणी झाला ना? मग परत घ्यावा लागेल."

आता मुद्द्यावर येऊ. बिशप असलेल्या चर्चमध्ये पाळकाबद्दल तक्रार असली तर वर जायला जागा असते. बाप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र. संघ असतो, पण तो सल्ला देतो, हुकूम देत नाही. वर कोणी नाही. म्हणून आत काय आहे ते नीट बघावं लागतं. शिवाय 'बाप्टिस्ट' हा शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तेव्हा पाटीवर जाऊ नका. पाच गोष्टी बघा.

पहिली: संदेश

संदेश किती जोरात दिला ते बघू नका, शास्त्र उघडलं का ते बघा. पाळक एक वचन वाचतात आणि मग चाळीस मिनिटं स्वतःच्या स्वप्नांबद्दल बोलतात, असं दर रविवारी होत असेल तर ती मंडळी शास्त्राला धरून चालते असं म्हणता येणार नाही. उतारा घेतला, मागचा-पुढचा संदर्भ सांगितला, कठीण भाग टाळला नाही, तर ते चांगलं लक्षण. प्रेषितांची कृत्ये, सतराव्या अध्यायात बिरुयाच्या लोकांची गोष्ट आहे. पौलाचं ऐकून ते घरी जाऊन शास्त्रात तपासत होते आणि त्याबद्दल त्यांची स्तुती केली आहे. मग पौलाला तपासायचं, आणि आपल्या पाळकाला तपासायचं नाही, असं कसं? उपासनेनंतर नम्रपणे एक प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळतं की राग मिळतो, यावरून पुष्कळ कळतं. आजारी माणसाला औषध बंद करायला सांगणारी, अमुक दान दिलं की तमुक नोकरी मिळेल असं सांगणारी मंडळी असेल, तर ती स्वतःला काहीही म्हणवो, तिथून उठा.

दुसरी: बाप्तिस्मा आणि सभासदत्व

बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देतात, आणि जो स्वतः साक्ष देतो त्यालाच देतात. म्हणून त्यात घाई नसते. आधी शिकवण होते, वडीलधारे त्या माणसाशी बोलतात, मग नदीवर, तलावावर किंवा चर्चमधल्या हौदात बाप्तिस्मा होतो. पहिल्याच भेटीत "पुढच्या रविवारी घे" म्हणणारी मंडळी स्वतःच्याच तत्त्वाला चुकते. बाप्तिस्म्यासाठी पैसे, वस्तू, शाळेतला प्रवेश, असलं काही पुढे केलं तर ते कायद्यानंही अडचणीचं आणि हेल्विसच्या शिकवणीलाही सोडून. विवेक विकत घेता येत नाही, म्हणूनच तर ही माणसं तुरुंगात गेली.

लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना आम्ही एवढंच सांगू की आधी विचारा. काही मंडळ्या परत बाप्तिस्मा घेतल्याशिवाय सभासद करत नाहीत, काही प्रभुभोजनालाही बसू देत नाहीत, काही बसू देतात. त्यांचा नियम काय, हे पहिल्या महिन्यातच कळलं पाहिजे. आणि घरी आईवडिलांशी बोला. ज्यांनी तुम्हाला लहानपणी वेदीपाशी नेलं, त्यांना दुसऱ्याकडून कळावं हे बरं नाही.

तिसरी: कारभार

बाप्टिस्टांच्या पद्धतीत पाळक मंडळी निवडते. वडील आणि डीकन असतात, आणि वर्षातून एकदा तरी सभासदांची सभा होते. विचारा: शेवटची सभा केव्हा झाली? इतिवृत्त कोण लिहितं? पाळकांना कोणी नेमलं, आणि मंडळीला नको झाले तर कोण काढू शकतं? घटना, म्हणजे नियमावली, कागदावर आहे का? "आमच्यात सगळं प्रेमानं चालतं" हे उत्तर गोड आहे, पण पुरेसं नाही. पाळक, त्यांची पत्नी, मुलगा आणि जावई एवढेच विश्वस्त असतील तर ती मंडळी राहिली नाही, घरची मालमत्ता झाली. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस आहे, त्याला सगळ्यांत पुढे राहायची हौस होती. तो रोग पहिल्या शतकापासून आहे.

चौथी: पैसा आणि जागा

दानार्पण दोन जणांनी मिळून मोजावं, वहीत लिहावं, वर्षाला हिशेब वाचून दाखवावा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौल मदतीचा पैसा एकट्यानं नेत नाही, बरोबर विश्वासू माणसं देतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून.

आपल्या राज्यात मंडळीचा न्यास 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' खाली नोंदवलेला असतो. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जुन्या मिशनच्या जागा आता शहराच्या मध्यात आल्या आहेत, त्यांना भाव आला आहे. सभासद झोपलेले असतील तर आजोबांनी उभं केलेलं चर्च नातवाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर जातं. ज्या मंडळीत सभासदांना हिशेब माहीत असतो, तिथे हे सहज होत नाही.

आणखी एक कागद. लग्न लावायचं असेल तर १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे पाळकांकडे सरकारचा परवाना लागतो. स्वतंत्र मंडळीत तो असेलच असं धरून चालू नका, विचारा. तसंच दफनभूमीचं. शहरात मरण आलं तर माती कुठे द्यायची, हा प्रश्न घरी दुःख असताना विचारायचा नसतो, आधी विचारायचा असतो.

पाचवी: दुबळ्यांशी वागणं

मंडळी तपासायची असेल तर तिथली मुलं, विधवा, नवीन माणूस आणि गरीब माणूस यांच्याकडे बघा. संडे स्कूलमध्ये एकटा माणूस बंद खोलीत मुलांना घेऊन बसतो का, की दोन मोठी माणसं असतात? मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. "आपल्यातच मिटवू" असं म्हणणं हा गुन्ह्याला हातभार आहे. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर" एवढंच सांगतात का, की तिला घर, डॉक्टर, वकील मिळवून देतात? आणि जात. प्रभुभोजनाला सगळे एका मेजाशी येतात, पण सोयरीक जुळवताना काय होतं, जेवायच्या पंगतीत काय होतं, ते बघा.

मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल काय बोलतात, तेही ऐका. गेलेला प्रत्येक जण सैतानाचा झाला असं सांगत असतील, तर उद्या तुमच्याबद्दलही तेच बोलतील. आणि हिंदू, बौद्ध नातेवाइकांशी संबंध तोडा असं सांगत असतील, तर सावध व्हा. पवनी तालुक्यात आपलं शेजारी-पाजारी, रोवणीचं, लग्नाकार्याचं सगळं एकमेकांत आहे. विश्वास ठाम ठेवावा आणि शेजार सोडू नये, दोन्ही जमतं.

हे सगळं एका रविवारी दिसत नाही. निदान तीन महिने जा. रविवारची उपासना, आठवड्यातली प्रार्थनासभा, एखादं लग्न किंवा माती, आणि जमलं तर एक सभासदांची सभा बघा. मग ठरवा.

शेवटी आलेले दोन प्रश्न.

एका काकूंनी विचारलं, "सगळं बरोबर असलेली मंडळी मिळणारच नाही जी, मग पोरानं बसून राहायचं का?" नाही. कमतरता आणि धोका यांत फरक करा. पेटी बेसूर आहे, संदेश लांबतो, चहा मिळत नाही, या कमतरता. त्या सोसायच्या, जमलं तर सुधारायच्या. हिशेब लपवणं, प्रश्नाला धमकी देणं, मुलांची काळजी न घेणं, हे धोके. ते सोसायचे नाहीत.

दुसरा प्रश्न एका मुलाचा: "मी पुण्याला जातो आहे. तिथली मंडळी मोठी आहे, मला कोणी ओळखणार नाही. घरी मोबाईलवर उपासना ऐकली तर चालेल का?" आम्ही उलट विचारलं, तू तापानं पडलास तर मोबाईल डबा आणून देईल का? बाप्टिस्टांच्या समजुतीप्रमाणे मंडळी म्हणजे इमारत नाही आणि कार्यक्रमही नाही. एकमेकांची जबाबदारी घेतलेली माणसं म्हणजे मंडळी. तेव्हा छोटी बघ, चालत जाता येईल अशी बघ. आणि तीन रविवार गैरहजर राहिलास तर कोणाचा फोन येतो का, ते लक्षात ठेव. फोन आला, तर तिथे नाव नोंदवायचा विचार कर.