क्रुसाच्या आधी लिहिलेली पानं

घुग्घुसच्या कोळसा खाणींकडून निघून चंद्रपूर ओलांडलं की पुढे बल्लारपूर लागतं. तिथलं संत थोमा कॅथेड्रल केरळच्या सिरो-मलबार चर्चचं आहे. 1962 साली या चर्चला केरळबाहेरचं पहिलं मिशनक्षेत्र मिळालं ते हेच, चांदा. 1977 मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. या चर्चची उपासना कित्येक शतकं सिरियाक भाषेत चाले. येशू जी अरामी बोलायचा, तिचीच ही एक शाखा. वधस्तंभावर त्याने फोडलेला टाहो मार्काच्या शुभवर्तमानात अरामीतच जपून ठेवलाय, आणि तो आहे 22व्या स्तोत्राची पहिली ओळ. प्राण जाताना त्याच्या ओठी शेकडो वर्षांपूर्वीचं इब्री स्तोत्र होतं!

ते स्तोत्र पुढे वाचत गेलं की अंगावर काटा येतो. मान हलवून टिंगल करणारा जमाव, टाळूला चिकटलेली जीभ, कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकणारी माणसं. शुभवर्तमानांत शिपाई येशूच्या कपड्यांसाठी अगदी अशाच चिठ्ठ्या टाकतात. घटना तशी घडली, की सांगणाऱ्यांनी ती स्तोत्राच्या शब्दांत सांगितली, असं अभ्यासक विचारतात. प्रश्न रास्त आहे. मला मात्र त्याआधीचा प्रश्न जास्त थक्क करतो: मुळात मशीहाचं मरण धर्मग्रंथात शोधायला कोण जाईल?

कारण लोक वाट पाहत होते ती दाविदाच्या वंशातल्या राजाची. शिवाय लाकडावर टांगलेला माणूस देवाच्या शापाखाली असतो, असं मोशेचं नियमशास्त्रच सांगत होतं. म्हणजे येशू मेला त्या शुक्रवारी त्याच्या शिष्यांचा खेळ खलास झाला होता. ती सगळी यहुदी माणसं. कोडं सोडवायला त्यांच्याजवळ आपलेच ग्रंथ होते. तेच त्यांनी पुन्हा उघडले आणि यशयाच्या 53व्या अध्यायापाशी ते थबकले.

तिथे एक सेवक भेटतो. लोकांनी झिडकारलेला, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प, दुसऱ्यांची पापं अंगावर घेऊन मरणारा. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना यशयाची गुंडाळी सापडली. सात मीटरहून लांब, चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, येशूच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षं आधीची. हा अख्खा अध्याय तिच्यात आहे. ख्रिस्ती लोकांनी तो मागाहून घुसडला, असं म्हणायची सोयच उरली नाही.

पण हा सेवक कोण? नव्या करारात इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून हाच भाग वाचत असतो आणि येशूचा अनुयायी फिलिप्प याला नेमकं हेच विचारतो. फिलिप्प त्याला येशूची गोष्ट सांगतो. यहुदी परंपरेतलं प्रसिद्ध उत्तर वेगळं आहे. 11व्या शतकातला राशी हा भाष्यकार म्हणतो, सेवक म्हणजे छळ सोसणारी इस्राएलची प्रजा. आणि यशया स्वतः इतरत्र सेवकाला इस्राएल म्हणतोच, त्यामुळे हे उत्तर झटकून टाकता येत नाही.

मग ख्रिस्ती माणूस पूर्तता म्हणतो ती कशाला? वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू पाहा. त्याचं हाड मोडू नका, असं निर्गम या ग्रंथात सांगितलंय. हा सणाच्या जेवणाचा नियम, त्यात भाकीत कुठेच नाही. पण येशूच्या बाजूला क्रुसावर टांगलेल्या दोघांचे पाय मोडले आणि त्याचे मोडले नाहीत, हे सांगताना शुभवर्तमानकार योहानाला तो नियम आठवतो. मिसरातून सुटकेची जुनी गोष्ट त्याला या मरणात पुरी झालेली दिसते. मला वाटतं, भाकितांचे ताळे जुळवण्यापेक्षा ही दृष्टी कितीतरी खोल आहे.

केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री अजूनही तांदूळ-उडदाची न आंबवलेली भाकरी होते. वर झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवतात आणि घरातला कर्ता माणूस ती मोडून सगळ्यांना वाटतो. सणाचं नाव पेसहा, म्हणजे वल्हांडणच. इकडे कोकणातले बेने इस्राएल यहुदी तोच सण मराठीतून सांगत आले. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, इब्रीसोबत मराठी आहे, आणि चित्रात साडी नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताहेत. तिथे कोकरू येशूची खूण नाही. ते मिसरातल्या त्या रात्रीचंच कोकरू आहे.