मूळ गाठ एक, पसरलेली दुसरी

स्तनाचा कर्करोग काही वर्षांनी यकृतात उद्भवला, तरी त्या पेशी स्तनातल्याच असतात. बदललेला असतो तो भोवतालचा प्रतिकार. मूळ गाठीत शिरकाव करणाऱ्या लिम्फोसाइट या संरक्षक पेशी पसरलेल्या गाठीत बहुधा कमी आढळतात. टी-पेशींना थोपवणारे ‘पीडी-एल१’ हे प्रथिनही तेथे अनेकदा घटलेले असते. २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, जपानचे तासुकु होन्जो यांच्या संशोधनातून पुढे आलेली औषधे हाच अडसर दूर करतात. मात्र लढणाऱ्या पेशीच विरळ असतील, तर अडसर दूर करूनही फारसे साधत नाही. म्हणूनच जुन्या गाठीच्या अहवालावर न विसंबता, शक्य असल्यास नव्या गाठीची बायॉप्सी करून उपचार ठरवणे हिताचे असते.