कासामान्समधील ग्रामअतिथिगृहें

आफ्रिका खंडाच्या नकाशांत पश्चिमेकडील अगदीं टोकास पाहिलें असतां सेनेगल हा देश दिसतो. या देशाच्या पोटांत गांबिया नांवाचा दुसरा एक चिंचोळा देश, एका नदीचे दोन्ही तीर धरून, समुद्रकिनाऱ्यापासून आंत दूरवर शिरलेला आहे. गांबियाच्या दक्षिणेस सेनेगलचा जो भाग उरतो, त्यास तेथून वाहणाऱ्या नदीवरून कासामान्स असें नांव पडलें आहे. राजधानी डाकार उत्तरेस, कासामान्सचें मुख्य नगर झिगांशोर दक्षिणेस, आणि मध्यें परका मुलुख, अशी ही रचना आहे. सेनेगल पूर्वीं फ्रेंचांच्या अमलाखालीं होता. १९६० सालीं तो स्वतंत्र झाला.

कासामान्सच्या समुद्राकडील खेड्यांत सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं एका प्रयोगास आरंभ झाला. दूरदेशच्या प्रवाशांस गांवानें स्वतः बांधलेल्या घरांत उतरवून घ्यावें, गांवचें अन्न त्यांस वाढावें, आणि त्यांतून होणारी प्राप्ति गांवानेंच गांवाच्या कामीं लावावी, असें त्याचें स्वरूप होतें. वरवर पाहतां ही गोष्ट सोपी वाटते. परंतु पाहुणचार हा जेथें धर्म समजला जातो, तेथें तो पैसे घेऊन करूं लागल्यास गांवाचें भलें होतें कीं गांव बिघडतें, हा प्रश्न तिच्यांत दडलेला आहे. आणि आज जगांत जिकडेतिकडे प्रवासी हिंडत असतां तो सर्वांनींच विचार करण्यासारखा आहे. म्हणून या प्रयोगाची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

कासामान्स नदीच्या मुखाजवळ खाड्यांचें जाळें पसरलें असून त्यांच्या कांठांनीं कांदळवनांची दाट झाडी आहे. येथें जोला लोकांची वस्ती आहे. भात हेंच त्यांचें मुख्य पीक. आशियांतील भाताहून निराळी अशी भाताची एक जात पश्चिम आफ्रिकेंतील लोकांनीं प्राचीन काळीं लागवडीस आणिली, व जोला लोक तिची जोपासना पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. खाडीकांठचीं कांदळें तोडावीं, मातीचे बांध घालावे, आणि पावसाच्या गोड्या पाण्यानें जमिनींतील खारटपणा कित्येक वर्षें धुऊन काढावा, तेव्हां कोठें एक शेत तयार होतें. आपल्या कोंकणांतील व गोमंतकांतील खाजणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस या कष्टांची कल्पना सहज येईल. पुरुष कायेंदो नांवाच्या लांब दांड्याच्या फावड्यानें जमीन उकरून वरंबे घालतात; या फावड्याचें पातें लाकडी असून त्यास लोखंडाची धार बसविलेली असते. लावणी व कापणी हीं कामें स्त्रियांचीं.

कोठारांतील भात हें या लोकांस केवळ अन्न वाटत नाहीं. तें घराची अब्रू व धर्मकृत्यांचें साधन होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत फ्रेंच सरकारनें खेड्यांतून भात व गुरें सक्तीनें वसूल करण्यास आरंभ केला, तेव्हां काब्रूस गांवच्या आलिन सितोए दियाता नांवाच्या तरुण स्त्रीनें लोकांस आपलें जुनें भात व जुन्या चाली न सोडण्याचा उपदेश केला. सरकारनें तिला १९४३ सालीं पकडून हद्दपार केलें, व पुढच्याच वर्षीं दूर तिंबक्तू येथें तिचा अंत झाला. आज तिचें नांव सेनेगलमध्यें आदरानें घेतलें जातें.

या प्रांतांतील घरेंही पाहण्यासारखीं आहेत. एनांपोर व त्याच्या आसपासच्या गांवांत मातीच्या भिंतींचीं मोठीं वाटोळीं घरें असतात. त्यांच्या मध्यभागीं, आपल्या चौसोपी वाड्याप्रमाणें, उघडा चौक असतो. गवती छपराचें एक पाखें बाहेरच्या व दुसरें आंतल्या बाजूस उतरतें; आंतल्या पाख्यावरून पावसाचें पाणी चौकांतील कुंडांत सांठतें. चोहोंकडे खारें पाणी असलेल्या प्रदेशांत ही सोय केवढ्या मोलाची, हें सांगावयास नको. चौकांतून घरांत उजेड येतो, वारा खेळतो, व संकटसमयीं सर्व मंडळी एका छपराखालीं सुरक्षित राहतात. म्लोंप येथें तर मातीचींच परंतु दुमजली घरें आढळतात.

अशा या स्वावलंबी लोकांवर १९७० च्या सुमारास अनावृष्टीचें संकट आलें. पाऊस कमी झाल्यामुळें जमिनींतील खार धुऊन जाईना, खाडीचें पाणी अधिकच खारट झालें, व कित्येक शेतें नापीक झालीं. कापणी आटोपतांच तरुण मंडळी कामाच्या शोधार्थ डाकारची वाट धरीत. मुली तेथें परक्यांच्या घरीं मोलकरणीचें काम करीत व लावणीच्या वेळीं परत येत. परंतु शहरांत गेलेलें माणूस परत येईलच, ही खात्री दिवसेंदिवस कमी होत चालली.

त्याच सुमारास, १९७३ सालीं, काप स्किरिंग येथील रम्य समुद्रकिनाऱ्यावर क्लब मेडिटेराने या फ्रेंच कंपनीनें प्रवाशांसाठीं मोठें वसतिस्थान उघडलें. युरोपांतील थंडीस कंटाळलेल्या प्रवाशानें विमानानें यावें, उन्हांत पहुडावें, समुद्रांत पोहावें व परत जावें, असा तेथील क्रम. अशा स्थळीं आसपासच्या लोकांस नोकऱ्या मिळतात, आणि दुष्काळांत नोकरी ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु किती पाहुणे यावे, त्यांनीं कोठें हिंडावें, दर काय असावा, यांपैकीं कोणत्याही गोष्टींत गांवास विचारण्याचें कारण तेथें पडत नाहीं. पाहुणा गांवच्या भूमीवर येतो. पण तो गांवचा पाहुणा नसतो.

क्रिस्तियां साग्लियो या नांवाचे एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ त्या वेळीं या प्रांतांत होते. त्यांनीं असा विचार मांडला कीं, प्रवासी जर येणारच असतील, तर त्यांचें यजमानपद गांवाकडेच कां असूं नये? सेनेगलचे अदामा गुदियाबी यांनीं हें काम पुढें वाढविलें, व फ्रेंच भाषा बोलणाऱ्या राष्ट्रांनीं १९७० सालीं स्थापन केलेल्या सहकार्यसंस्थेनें आरंभीच्या भांडवलास हातभार लाविला. मातीच्या घरांत परदेशीय मनुष्य राहील तरी कसा, अशी शंका प्रथम अनेकांस आली. तरीही १९७४ च्या सुमारास एलिंकिन या कोळ्यांच्या गांवीं पहिलें अतिथिगृह उभें राहिलें, त्यामागून लवकरच एनांपोर येथें, आणि पुढील कांहीं वर्षांत इतर अनेक गांवीं.

या योजनेचे मुख्य नियम थोडे परंतु विचारपूर्वक घातलेले होते. पहिला नियम असा कीं, घर गांवच्याच पद्धतीनें, गांवच्याच माती-लाकूड-गवतानें व गांवकऱ्यांच्याच हातांनीं बांधावें. त्यामुळें भांडवल थोडें लागे, आणि भिंत खचली किंवा छप्पर गळलें तर बाहेरचा कारागीर बोलवावा लागत नसे. एनांपोरचें अतिथिगृह वर वर्णिलेल्या वाटोळ्या घराच्याच धर्तीवर बांधलेलें आहे. दुसरा नियम, बिछान्यांची संख्या २० ते ४० च्या पुढें जाऊं देऊं नये. हजार वस्तीच्या गांवांत तीस पाहुणे आले तर गांव गांवच राहतें. तीनशें आले तर गांवाचा बाजार होतो. तिसरा नियम, अतिथिगृहाची मालकी कोणा एका धनिकाची नसून सर्व गांवाची असावी, व कारभार गांवानें निवडलेल्या मंडळीनें पाहावा. चौथा नियम, पाहुण्यास परदेशांतून आणलेले पदार्थ न देतां गांवांत जें शिजतें तेंच वाढावें.

असा पाहुणा बहुधा होडींत बसून खाडीच्या वाटेनें येई. मच्छरदाणी लावलेली साधी खाट, रात्रीं दिव्याचा मंद उजेड, व जेवावयास भात आणि मासे, अथवा कांदळांच्या मुळांवरून स्त्रियांनीं काढून आणलेलीं कालवें, एवढाच त्याचा थाट. दिवसा तो शेतांतील बांध पाही, ताडावर चढणारे लोक पाही, व सावरीचे प्रचंड वृक्ष पाहून थक्क होई. एलिंकिनहून जवळच काराबान नांवाचें बेट आहे. तेथें १८८० सालीं कॅथलिक मिशनची स्थापना झाली होती. तिचें जुनें चर्चही प्रवासी पाहत. ज्या देशास आपण केवळ नकाशांत पाहिलें होतें, तेथें आपल्यासारखींच कष्टाळू, विनोदी व देवास भिणारीं माणसें राहतात, हें ज्ञान घेऊन तो परत जाई. हीच या प्रवासाची खरी कमाई.

गांवाची कमाई पैशाच्या रूपानें होई, व तिचा विनियोग कसा करावा हें गांव ठरवी. काम करणाऱ्यांचें वेतन व घराची दुरुस्ती यांचा खर्च भागवून जें उरे, त्यांतून कोठें शाळेची खोली उभी राहिली, कोठें दवाखान्यास मदत झाली, तर कोठें सूतिकागृह बांधण्यांत आलें. ज्या गांवीं बाळंतिणीस होडींत घालून दूरच्या शहरीं न्यावें लागे, तेथें सूतिकागृह म्हणजे काय, हें आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय कांहीं तरुणांस गांवांतच काम मिळालें, हा लाभ वेगळाच.

तथापि या गोष्टीस दुसरी बाजूही आहे. जोला लोकांच्या गांवाशेजारीं, आपल्या देवरायांप्रमाणें, पवित्र वनें असतात. मुलांस पुरुषांच्या पंक्तींत घेण्याचा मोठा संस्कार अशाच वनांत होतो, आणि तो वीसवीस वर्षांहूनही अधिक अंतरानें येतो. तेथें परक्यास प्रवेश नाहीं; कित्येक ठिकाणीं त्याच गांवच्या स्त्रियांसही नाहीं. पाहुणा पैसे देतो म्हणून ही सीमा त्याच्यासाठीं उघडावी काय? सणाचें नृत्य पाहुण्याच्या सोईसाठीं रोज संध्याकाळीं करावें काय? असें केल्यास चार दिवस पैसा मिळेल. पण नृत्य राहील व सण जाईल. म्हणून अतिथिगृहाची मालकी गांवाकडे असण्याचें खरें महत्त्व केवळ पैशांत नाहीं. "एवढें पाहा, याच्यापुढें येऊं नका," असें म्हणण्याचा अधिकार मालकासच असतो, चाकरास नसतो.

पुढें या प्रयोगाची कठीण परीक्षा झाली. २६ डिसेंबर १९८२ रोजीं झिगांशोर येथें कासामान्सच्या स्वातंत्र्याची मागणी करणारी मिरवणूक निघाली, व तेव्हांपासून सरकार आणि बंडखोर यांच्यांत दीर्घकाळ झगडा चालला. रस्त्यांत व शेतांत सुरुंग पेरले गेले, गांवें ओस पडलीं. १९९५ सालीं चार फ्रेंच प्रवासी या प्रांतांत नाहींसे झाले, आणि परदेशीय पाहुण्यांची वर्दळ जवळजवळ थांबली. कित्येक अतिथिगृहें बंद पडलीं, कित्येकांचीं छपरें कोसळलीं. त्यांत भर म्हणून २६ सप्टेंबर २००२ च्या रात्रीं झिगांशोरहून डाकारकडे निघालेलें ल जोला हें जहाज गांबियाच्या किनाऱ्यासमोर उलटलें व १,८०० हून अधिक माणसें बुडालीं. सुटी संपवून विद्यालयांकडे परतणारे अनेक विद्यार्थी त्यांत होते. कासामान्समध्यें त्या दिवशीं शोक झाला नाहीं असें गांव विरळा. २००४ सालीं सरकार व बंडखोर यांच्यांत तहाचा करार झाला. तंटा त्यानें एकदम मिटला नाहीं, परंतु शांतता हळूहळू परतूं लागली. २००८ सालीं त्याच जलमार्गावर नवें जहाज सुरू झालें. त्यास आलिन सितोए दियाता हिचें नांव देण्यांत आलें. कांहीं गांवांनीं आपलीं अतिथिगृहें पुन्हां उभीं केलीं.

या साऱ्या हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाहुणा हा पावसासारखा आहे. तो येईलच असें नाहीं, आणि दूर कोठें कांहीं बिनसलें कीं यावयाचा थांबतो. ज्या गांवानें पाहुण्याच्या भरंवशावर आपलें शेत टाकलें, त्याचें पाहुणा न आल्यास दोन्हीकडून नुकसान होतें. उलट शेत हें मूळ व अतिथिगृह ही जोड, असें ज्यानें मानिलें, त्यास वाईट दिवसांतही कोठारांतील भाताचा आधार राहतो. आणि चांगले दिवस आल्यावर मातीच्या भिंती पुन्हां उभारण्यास त्याचे हात तयार असतात. मातीचें घर पडतें लवकर, परंतु तें पुन्हां बांधण्याची विद्या गांवाजवळ असेल तर त्यास फारसें भय नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं पुष्कळजण पुढें देशोदेशीं प्रवास करतील. तेव्हां ज्या घरीं आपण उतरूं त्याचा मालक कोण, आपण दिलेला पैसा कोणाच्या हातीं जातो, आणि त्या लोकांनीं काय दाखविण्याचें नाकारलें, या तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिल्या दोहोंवरून आपल्या येण्यानें त्यांचें भलें झालें कीं नाहीं हें कळेल; तिसरीवरून ते लोक अद्याप आपल्या घराचे धनी आहेत कीं नाहींत हें कळेल.